टेलेमॅकससाठी घेतलेले दोन हिरवे खंड

होमरच्या ‘ओडिसी’ची, म्हणजे ट्रॉयच्या युद्धावरून घरी परतणाऱ्या ओडिसियसच्या प्राचीन ग्रीक महाकाव्याची, कुठली प्रत घ्यावी असं कुणी विचारलं, की मी लोएब क्लासिकल लायब्ररीची आवृत्ती सुचवतो आणि लगेच सांगतो, दोन्ही खंड एकदम घ्या. आधी पहिला वाचून बघू, आवडला तर दुसरा, हा हिशेब इथे चालत नाही. त्यातून माझ्यासारखं टेलेमॅकससाठी, म्हणजे ओडिसियसच्या मुलासाठी, वाचायचं असेल तर नाहीच नाही. २४ सर्ग १२-१२ असे विभागले आहेत. पहिल्या चार सर्गांत ओडिसियस प्रत्यक्ष येतच नाही, सगळी कथा त्याच्या मुलाची आहे. पाचव्यापासून बाप येतो आणि मुलगा मागे पडतो. चौथ्या सर्गाच्या शेवटी आईचे मागणीदार, म्हणजे बाप मेला असं धरून तिच्याशी लग्न करू पाहणारे, बापाची खबर काढायला गेलेल्या या मुलाला परतीच्या वाटेवर मारायला समुद्रात दबा धरून बसलेले असतात, आणि पुढे त्याचं काय झालं ते कळायला १५वा सर्ग, म्हणजे दुसरा खंड, उघडावा लागतो.

पुस्तकं छोटी, पक्क्या बांधणीची, एका हातात धरून वाचता येतील अशी. या मालेत ग्रीक ग्रंथ हिरव्या रंगात आणि लॅटिन लाल रंगात निघतात. डाव्या पानावर ग्रीक, उजव्या पानावर इंग्रजी. भाषांतर ए. टी. मरे यांचं, १९१९ सालचं. जॉर्ज डिमॉक यांनी १९९५ मध्ये सुधारलेलं. ते गद्य आहे. वृत्ताची लय कानात घुमायला हवी असेल त्यांनी छंदोबद्ध भाषांतर घ्यावं, तिथे हे कमी पडतं. पण ओळीला ओळ धरून चालणारं असल्यामुळे मूळ कुठे काय म्हणतं ते बोट ठेवून शोधता येतं. मला ग्रीक येत नाही, फक्त लिपी शिकलोय. तेवढ्यावरही डावं पान खूप काही देतं.

एक उदाहरण सांगतो. पहिल्या सर्गात गायक ट्रॉयहून परतणाऱ्यांचं दुःख गातोय, ओडिसियसची बायको पेनेलोपी खाली येऊन रडत म्हणते, हे गाणं थांबव. तेव्हा टेलेमॅकस आईला सगळ्यांदेखत सांगतो, तू तुझ्या दालनात जा, माग आणि चाती सांभाळ, बोलणं हे पुरुषांचं काम. २१व्या सर्गात ओडिसियसचं धनुष्य जो वाकवेल त्याच्याशी पेनेलोपी लग्न करणार असते, त्या धनुष्यावरून वाद होतो तेव्हा तो आईला पुन्हा हेच सांगतो, फक्त ‘बोलणं’च्या जागी ‘धनुष्य’. दोन्ही खंड शेजारी उघडे ठेवा, पहिल्यात ३५६वी ओळ, दुसऱ्यात ३५०वी. अक्षरं जुळताना डोळ्यांना दिसतात. शब्द तेच, पण पहिल्यांदा ते नुसतं अवसान असतं. दुसऱ्यांदा बाप भिकाऱ्याच्या वेशात त्याच दालनात बसलेला असतो, आणि आईला तिथून हलवणं हा मागणीदारांना मारण्याच्या जिवावर बेतलेल्या बेताचा भाग असतो.

या मुलाचं मोठं होणं होमर असं छोट्या छोट्या वागण्यातून दाखवतो. अथीना देवी परक्याचं रूप घेऊन दारात उभी राहते, तेव्हा तिला पहिल्यांदा बघतो तो टेलेमॅकस. पाहुणा दारात ताटकळला याची त्याला लाज वाटते आणि तो धावत जातो. सभ्यपणा आहे, बळ नाही. ती विचारते, तू ओडिसियसचाच मुलगा ना? तो म्हणतो, आई तसं म्हणते खरं, मला स्वतःला माहीत नाही. माझ्या लहानपणी वडील नोकरीसाठी वर्षानुवर्षं लांब होते. घरात त्यांच्याबद्दलच्या गोष्टी होत्या, ते नव्हते. त्यामुळे ही ओळ मी कधी सहज ओलांडू शकलो नाही.

दुसऱ्या सर्गात तो सभा बोलावतो. ओडिसियस गेल्यापासून, म्हणजे जवळजवळ २० वर्षांत, इथाकात, म्हणजे त्यांच्या बेटावर, सभाच भरलेली नसते. तो सुरुवात चांगली करतो, मग राग अनावर होतो, हातातला राजदंड जमिनीवर फेकतो आणि रडू लागतो. पायलोसला पोहोचल्यावर तिथल्या म्हाताऱ्या राजाशी, नेस्टरशी, बोलायचं कसं, याचाच त्याला संकोच. पण स्पार्टात, चौथ्याच सर्गात, मेनेलॉस राजा तीन घोडे आणि रथ देऊ करतो तेव्हा तो न अडखळता सांगतो, आमच्या इथाकात घोडे पळवायला मैदानं नाहीत, तो शेळ्यांचा मुलूख आहे, आणि मला तोच अधिक प्रिय आहे. राजा हसतो आणि भेट बदलतो. माझ्या मते पहिल्या खंडातला सर्वांत सुंदर प्रसंग हाच.

दुसऱ्या खंडात मात्र मी २१व्या सर्गाच्या सुरुवातीला थांबतो. टेलेमॅकस बापाचं धनुष्य वाकवायला जातो. तीनदा जमत नाही. चौथ्यांदा प्रत्यंचा चढलीच असती, पण ओडिसियस मानेनंच नको म्हणतो. आणि हा मुलगा थांबतो. वर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतो, मी दुबळाच राहणार बहुतेक, किंवा अजून लहान आहे. याच लोकांपुढे त्यानं रडत राजदंड फेकला होता. आता त्यांच्यापुढे तो आपणहून कमीपणा घेतो, कारण बेत फसू द्यायचा नाही. ताकद आली आहे आणि ती आवरताही येते आहे, हे कवी इतक्या थोडक्या ओळींत सांगतो की वाचताना दरवेळी अंगावर काटा येतो.

आवृत्तीची उणीव जाणवते ती २२व्या सर्गात. मागणीदारांना मारल्यानंतर ओडिसियस त्यांच्याशी संग केलेल्या १२ दासींना तलवारीनं मारायला सांगतो. टेलेमॅकस ठरवतो, त्यांना असं सरळ मरण द्यायचं नाही, आणि दोर बांधून फाशी देतो. ही क्रूर निवड त्याची स्वतःची आहे आणि ती मला पटत नाही. त्या काळाच्या रीती लक्षात घेऊनही नाही. दासींचं स्थान काय होतं, श्रोत्यांनी हे कसं ऐकलं असेल, हे प्रश्न वाचकाला सतावतात. लोएबच्या तळटिपा मोजक्याच, मालेचा बाजच तसा आहे. सोबत एखादं स्वतंत्र भाष्य लागतंच. आणि घरातल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला हे खंड देणार असाल, तर जरूर द्या, पण हा सर्ग त्यांच्यासोबत बसून वाचा.