व्हर्ट-मॅनेजर आणि व्हर्जिल: व्हर्च्युअल मशीनमधील ग्राफिक्सचा अनुभव

लॅमिंग्टन रोडवरून घेतलेल्या, वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकावर मी गेले काही महिने व्हर्ट-मॅनेजर वापरत आहे. व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक, बनवण्याचा आणि चालवण्याचा हा प्रोग्राम. सुरुवातीला या मशीनच्या आतल्या लिनक्समध्ये खिडकी सरकवली की ती अडखळत पुढे जायची आणि पंखा घरघरू लागायचा. ग्राफिक्सची माहिती देणारी ‘जीएलएक्सइन्फो’ ही आज्ञा आत चालवून पाहिली, तेव्हा रेंडररच्या, म्हणजे चित्र कोण काढते ते सांगणाऱ्या, ओळीत ‘एलएलव्हीएमपाइप’ असे दिसले. म्हणजे सारे चित्र एकटा प्रोसेसरच काढत होता.

यावर उपाय म्हणून व्हर्ट-मॅनेजरमध्ये मशीनच्या सेटिंगमध्ये व्हिडिओचे (आभासी ग्राफिक्स कार्डाचे) मॉडेल ‘व्हर्टिओ’ निवडून थ्रीडी ॲक्सलरेशनवर खूण करावी, स्पाइस डिस्प्लेमध्ये (मशीनचा पडदा दाखवणाऱ्या भागात) ओपनजीएल, म्हणजे त्रिमितीय चित्रे काढण्याची आज्ञापद्धती, सुरू करावे आणि तिथेच ‘लिसन टाइप’ बदलून ‘नन’ करावा. ही शेवटची गोष्ट राहून गेल्याने माझे मशीन सुरूच होईना आणि दादरच्या घरी एक अख्खी संध्याकाळ त्यातच गेली. इतकी महत्त्वाची सूचना त्याच चौकटीत ठळक दिसायला हवी होती. नंतर मात्र जीएलएक्सइन्फोच्या त्याच रेंडररच्या ओळीत ‘व्हर्जिल’ उमटले, कारण आता आतल्या ओपनजीएलच्या आज्ञा यजमान, म्हणजे बाहेरच्या खऱ्या, संगणकाकडे जातात आणि त्याची खरी ग्राफिक्स चिप त्या पार पाडते. लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) ही सोय ४.४ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून आहे.

खिडक्या आता सुरळीत सरकतात, त्रिमितीय आराखडाही न अडखळता फिरवता येतो. मोठ्या खेळांसाठी मात्र मी याची शिफारस करणार नाही. तिथे वेगळे कार्ड थेट मशीनच्या हवाली करणेच योग्य.