वरळीच्या डोममध्ये कबड्डी बघायला गेलो आणि दारातून परत आलो

अण्णा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी लालबागच्या एका मंडळाकडून मातीवर कबड्डी खेळले आहेत. प्रो कबड्डीचा अगदी पहिला सामना २६ जुलै २०१४ला वरळीच्या सरदार वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये, म्हणजे याच डोममध्ये, झाला, तो त्यांनी टीव्हीला नाक लावून पाहिला होता. तेव्हापासून एकच म्हणणं, "टीव्हीवर पोरांचे पाय नीट दिसत नाहीत रे, मॅटवर पाय कसा टाकतात ते एकदा जवळून बघायचंय." जानेवारी २०२४मध्ये सामने पुन्हा तिथेच आले, तेव्हा अण्णांना न्यायचंच असं मी ठरवलं.

मला हवा होता त्या दिवसाची पुढच्या रांगेची तिकिटं अ‍ॅपवर संपली होती. एका चाहत्यांच्या ग्रुपवर पोस्ट दिसली, 'घरात अडचण आली, चार तिकिटं आहेत त्याच भावात द्यायची आहेत.' त्याच भावात, हे वाचूनच मी सैल झालो. ब्लॅकवाला जास्त मागतो, हा तर मूळ किमतीत देतोय, म्हणजे सज्जन माणूस असणार.

बोलणं फार गोड. "दादा, काकांना घेऊन जाताय ना, मग तुम्हालाच देतो." त्याने बुकिंगच्या पानाचा स्क्रीन रेकॉर्ड केलेला व्हिडिओ पाठवला, वर 'आमच्या सीटवरून असं दिसतं' म्हणून मॅटचा फोटो. आणि विश्वास बसावा म्हणून स्वतःहून आधार कार्डाचा फोटो. मी ४,८०० रुपये यूपीआयने पाठवले. दहा मिनिटांत फोन, "तिकिटावर नाव बदलायला १,५०० भरावे लागतात, दारातून आत गेलात की परत मिळतात. आणि तुमच्या आधारचा फोटो पाठवा." तेही केलं. बायको म्हणाली होती की नाव बदलायला पैसे लागतात असं कुठे लिहिलंय ते तरी बघ. मी तिलाच गप्प केलं.

संध्याकाळी डोंबिवलीहून निघालो, दादरला गाडी बदलून महालक्ष्मीला उतरलो, तिथून टॅक्सी. अण्णांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. दारावरच्या मुलीने माझ्या मोबाइलवरचा क्यूआर कोड स्कॅन केला आणि यंत्रावर लाल पट्टी आली. पुन्हा केला, पुन्हा लाल. "सर, हा कोड आधीच वापरला गेलाय. या सीटवर माणसं बसलीत."

बाजूला उभं राहून त्याला फोन लावला, बंद. तेवढ्यात तिथेच एक तरुण जोडपं याच कारणावरून हुज्जत घालताना दिसलं. त्यांचा मोबाइल पाहिला. तोच ब्लॉक, तीच रांग, तेच सीट नंबर. पाचेक मिनिटांत भांडुपहून आलेलं एक कुटुंब आलं, लहान मुलगी खांद्यावर. तेच नंबर. त्या एका कोडाचे फोटो त्याने किती जणांना विकले, देव जाणे.

दारावरच्या मुलीने शांतपणे समजावलं ते मी जसंच्या तसं सांगतो, कारण ते मला आधी कळलं असतं तर मी फसलो नसतो. आपल्याला दिसतं ते चित्र म्हणजे तिकीट नव्हे. तिकीट म्हणजे त्यांच्या यादीतली एक नोंद. चित्राच्या शंभर प्रती निघतात, पण नोंद एकच, आणि ज्याचा कोड पहिल्यांदा स्कॅन होतो तो आत. ज्या अ‍ॅपवर तिकीट दुसऱ्याच्या खात्यात पाठवायची सोय असते, तिथे ते आपल्या खात्यात आलेलं दिसल्यावरच पैसे द्यायचे. तशी सोय नसेल तर अनोळखी माणसाकडून तिकीट घ्यायचंच नाही. सीटवरून दिसणाऱ्या देखाव्याच्या फोटोला तर काहीच अर्थ नाही. १९५७ साली उभ्या राहिलेल्या या गोल सभागृहात आज मध्ये मॅट असते, उद्या गाण्याच्या कार्यक्रमाला एका बाजूला स्टेज लागतं, प्रत्येक वेळी खुर्च्यांची मांडणी वेगळी. जुना फोटो कोणीही कुठूनही उचलतो.

आतून शिट्टी आणि मोठा ओरडा ऐकू आला. अण्णा म्हणाले, "चढाई यशस्वी झाली वाटतं." मला त्यांच्याकडे बघवेना.

पुढचं नीट वाचा. त्या जोडप्याने पैसे त्याच दुपारी दिले होते. त्यांनी फुटपाथवरूनच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला, यूपीआयच्या व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक सांगितला, आणि त्यांची निम्मी रक्कम पुढच्या खात्यात अडवली गेली. मी पैसे आठवडाभर आधी पाठवले होते. त्यातून लाजेपोटी तक्रार करायला आणखी दोन दिवस लावले. तोवर खातं रिकामं. बँकेने हात वर केले, कारण पिन मी स्वतः टाकला होता. तक्रार नोंदवताना मला चॅट दाखवता आलं नाही. त्याने आपोआप पुसले जाणारे मेसेज लावून ठेवले होते आणि मी स्क्रीनशॉट काढले नव्हते. बँकेचं स्टेटमेंट तेवढं हाती होतं.

६,३०० रुपये गेले, ते विसरलो असतो. हे लिहायला बसलो ते मार्चमधल्या एका संदेशामुळे. पुण्याच्या एका बाईंनी फेसबुकवर मला शोधून काढलं होतं. "माझे गाण्याच्या कार्यक्रमाच्या तिकिटांचे पैसे परत करा, नाहीतर पोलिसांत जाते." सोबत विक्रेत्याने त्यांना पाठवलेला आधार कार्डाचा फोटो. तो माझा होता. म्हणजे मला जे कार्ड दाखवलं होतं, तेही माझ्याआधी फसलेल्या कुणाचं तरी असणार.

त्या बाई फार संतापल्या होत्या आणि ते बरोबरच होतं. मी त्यांना फोन करून सगळं सांगितलं आणि माझ्या तक्रारीची पोच पाठवली. त्यांनी ती स्वतःच्या तक्रारीला जोडली. आता मी कुणालाही आधार कार्ड द्यायची वेळ आली तर आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून मिळणारं, फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं कार्ड देतो आणि त्यावर तारीख व कारण आडवं लिहून देतो. तिकिटासाठी तर कुणालाच नाही. तुमच्याकडे कुणी माझ्या कार्डाचा फोटो दाखवून तिकिटं विकत असेल, तर तो मी नाही. पैसे पाठवू नका, पाठवले असतील तर आत्ता १९३० लावा.