सोनटक्क्याचे कंद: एका खरेदीचा अनुभव

मे महिन्याच्या अखेरीस एका रोपवाटिकेतून सोनटक्क्याचे पाच कंद मागवले. चार टणक आणि दोन-तीन डोळ्यांचे होते. पाचवा कुजलेला निघाला, आणि त्याबद्दलच्या तक्रारीला आजवर उत्तर आलेले नाही. सोबतच्या चिठ्ठीतील 'भरपूर ऊन द्यावे' हा सल्ला आपल्याकडच्या उन्हाळ्यात चुकीचाच म्हणावा लागेल, कारण आले-हळदीच्या कुळातील ही बहुवर्षायू वनस्पती मूळची हिमालयाच्या परिसरातील ओलसर, अर्धसावलीच्या जागी वाढणारी असून कडक उन्हात तिच्या पानांच्या कडा करपतात. मी शेणखत मिसळलेल्या भुसभुशीत मातीत, बोटाच्या दोन पेरांइतके खोल, विहिरीच्या पाटाकडेला कंद लावले. चारही रुजले, दांडे कमरेच्या वर गेले आणि भाद्रपदात पांढऱ्या, फुलपाखरासारख्या फुलांचे तुरे आले. (क्युबाचे हे राष्ट्रीय फूल आहे, हे चिठ्ठीत नव्हते.) फूल संध्याकाळी उमलून दुसऱ्या दिवशी कोमेजते, त्यामुळे वेणीसाठी टपोऱ्या कळ्या दुपारीच खुडाव्यात. किंमत जास्त वाटली. तरी कंद जमिनीखाली पसरत असल्याने पुन्हा विकत घ्यावे लागणार नाहीत, उलट दोन-तीन वर्षांनी उकरून शेजारी वाटावे लागतील.