सेरेलॅक: खोक्याच्या मागच्या मजकुरावरून केलेले परीक्षण

सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला सेरेलॅक हा नेस्ले कंपनीचा धान्याचा तयार आहार द्यावा का, हे त्याचा कोणता प्रकार हाती येतो यावर ठरते. 'पब्लिक आय' या स्विस संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, भारतात तपासलेल्या सर्व प्रकारांत एका वेळच्या खाण्यामागे सरासरी २.७ ग्रॅम साखर वरून घातलेली होती. जर्मनी आणि ब्रिटनमधल्या तशाच गव्हाच्या उत्पादनांत ती मुळीच नव्हती. यात कायदा मोडलेला नाही, कारण आपले २०२० चे नियम एकूण कर्बोदकांच्या २० टक्क्यांपर्यंत अशी साखर चालवून घेतात. मला खटकतो तो नियमच. ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीने २१ पैकी १४ प्रकार रिफाइंड साखरेविना आणण्याचे जाहीर केले, तेव्हा दुकानदार पुढे करील तो खोका न घेता मागची बाजू वाचावी. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. 'एकूण साखर' हा आकडा पाहून दचकू नये, त्यात दुधातली नैसर्गिक साखरही धरलेली असते. पाहायची ती वरून घातलेल्या साखरेची ओळ.

जमेची बाजू लोहाची आहे. सहा महिन्यांनंतर बाळाच्या अंगातला लोहाचा साठा कमी होऊ लागतो आणि आईच्या दुधातून ती गरज भागत नाही. नाचणीचे सत्त्व कॅल्शियमसाठी उत्तम असले, तरी त्यातले लोह शरीरात कमीच शोषले जाते. इथे लोहयुक्त तयार आहार खरोखर उपयोगी पडतो.

रसायनांबाबत मात्र खोका काही सांगत नाही. पाणी साचलेल्या शेतात वाढणारे भाताचे पीक जमिनीतले आर्सेनिक हे विषारी द्रव्य इतर धान्यांपेक्षा जास्त ओढून घेते, म्हणूनच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये बाळांच्या तांदूळ-आहारासाठी असेंद्रिय आर्सेनिकची (त्याच्या अधिक घातक रूपाची) १०० पीपीबी, म्हणजे अब्ज भागांत १०० भाग, ही कमाल पातळी ठरवली. त्यामुळे तांदळाचाच प्रकार रोज देऊ नये. (घरच्या पेजेलाही हे लागू आहेच.)

उकळून कोमट केलेल्या पाण्यात पूड थोडीथोडी टाकून घोटली की गुठळ्या होत नाहीत. चमचा तिरपा केल्यावर मिश्रण पाण्यासारखे ओघळले, तर पूड कमी पडली असे समजावे, कारण अशा पातळ खाण्याने पोट भरते पण ताकद मिळत नाही. प्रवासात किंवा पाळणाघरात साखरविरहित गव्हाचा प्रकार मी निश्चित सुचवेन. घरी असताना मऊ वरणभात, कुस्करलेली भाजी आणि अंडे यांना पहिली पसंती.