सोलॅरियम की स्प्रे टॅन?

ऑस्ट्रेलियात गोऱ्या कातडीवर तपकिरी रंग चढवायचे दोन कृत्रिम मार्ग प्रचलित होते: सोलॅरियममधला अतिनील दिव्यांचा पलंग आणि अंगावर फवारायचा स्प्रे टॅन. (आपल्याकडे सोस गोरं व्हायचा, ते असो.)

पलंगावर मिळणारा रंग म्हणजे कातडीला झालेल्या इजेची खूण. अतिनील किरण पेशींच्या डीएनएला धक्का लावतात आणि मग मेलॅनिन हे रंगद्रव्य वाढतं. ‘आधी थोडं टॅन करून घेतलं की समुद्रावर भाजत नाही’ हा समजही फोल. ते संरक्षण सनस्क्रीनच्या मापात जेमतेम एसपीएफ ३ इतकं. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ही यंत्रं तंबाखूच्याच गटात, म्हणजे माणसात नक्की कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकली. मेलबर्नची क्लेअर ऑलिव्हर २००७ मध्ये, वयाच्या २६व्या वर्षी मेलॅनोमाने, म्हणजे कातडीच्या कर्करोगाने गेली. शेवटपर्यंत ती सोलॅरियमविरुद्ध बोलत होती. आता तिथे पैसे घेऊन सोलॅरियम चालवायला देशभर बंदी आहे.

स्प्रेमधलं डीएचए हे रंग देणारं रसायन कातडीच्या वरच्या मृत थरातच रंगतं. आठवडाभरात उतरतं, कोपरा-घोट्यांवर डाग पडतात, वासही येतो. फवारताना डोळे-ओठ झाकायचे, श्वास रोखायचा. रंग हवाच असेल तर हाच घ्यावा. मात्र उन्हात जाताना सनस्क्रीन वेगळं लावायचंच.