चित्रशाळेचा कोर्स ऑनलाईन नेला, त्या प्लॅटफॉर्मचा रिव्ह्यू (५ पैकी साडेतीन)

आमची गोव्यात माशेलला मातीच्या गणपतींची चित्रशाळा आहे, म्हणजे मूर्ती घडवायची जागा, बाबांच्या वेळेपासून. चवथ झाली की आमच्याकडे सगळं थंड, आणि तेव्हाच पुण्या-मुंबईहून फोन येतात की ताई मूर्ती शिकवाल का, आता त्यांना आठवडाभर इथे कोण बोलावणार नि कुठे ठेवणार, म्हणून कोर्स रेकॉर्ड करून विकायचं ठरलं. त्यासाठी जो प्लॅटफॉर्म घेतला त्याचा हा रिव्ह्यू. कंपनीचं नाव लिहीत नाही, भारतीय कंपनी आहे, आणि असल्या कंपन्यांचे प्लॅन थोड्याफार फरकाने सारखेच असतात त्यामुळे कुठलाही घेणार असाल तरी उपयोग होईल.

आधी युडेमीच (सगळ्यांचे कोर्स एका जागी विकणारी मोठी वेबसाईट) का नाही ते सांगते, कारण सगळे तेच विचारतात. तिथे तुमच्या स्वतःच्या कूपनने कोणी घेतलं तर ९७ टक्के तुम्हाला, पण त्यांच्या मार्केटप्लेसमधून विकला गेला तर ३७ टक्के. म्हणजे समजा सेलमध्ये ४९९ ला गेला तर हातात १८४ रुपये, त्यातूनही टॅक्स वगैरे वेगळं. जगभरातून गिऱ्हाईक येणार असेल तर परवडत असेल, पण मराठीतून मातीचा गणपती शिकणारी माणसं आम्हाला आमच्याच इन्स्टा आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून मिळतात, त्यांना दुसऱ्याच्या दुकानात कशाला पाठवू? यूट्यूबवर अनलिस्टेड लिंक (व्हिडिओ शोधून सापडत नाही, लिंक असेल त्यालाच दिसतो) हा फुकटचा मार्ग आहे खरा, पण ती लिंक संध्याकाळपर्यंत कुठल्या ग्रुपवर पोचेल सांगता येत नाही.

तर प्लॅटफॉर्म. पेज बनवायला सोपं, व्हिडिओ टाका, धडे लावा, किंमत लिहा, झालं. कोर्स १,४९९ ला ठेवलाय. पेमेंट गेटवे (गिऱ्हाईकाचे ऑनलाईन पैसे आमच्यापर्यंत पोचवणारा) २ टक्के घेतो आणि त्या फीवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एका विक्रीमागे साधारण ३५ रुपये जातात, त्याबद्दल तक्रार नाही. पैसे दोन-तीन दिवसांत बँकेत. तक्रार आहे ती वर्षाच्या प्लॅनची, वेबसाईटवर जो आकडा मोठ्या अक्षरात असतो त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो. आमच्यासारखे जे जीएसटीत रजिस्टर नाहीत (सेवा देत असाल तर वर्षाला २० लाखांपर्यंत सहसा गरज लागत नाही) त्यांना तो परत मिळत नाही, तो खर्चच धरा. आणि पुढेमागे रजिस्टर झालात की तुमच्या कोर्सवरही १८ टक्के लागणार, तेव्हा किंमत ठरवताना तेवढी जागा ठेवा, कारण १,४९९ चे अचानक १,७६९ झाले की लोक नाक मुरडतात.

सेल्सवाला मुलगा सारखा एकच लावून धरायचा, मॅडम तुमच्या नावाचं स्वतःचं अ‍ॅप. त्या अ‍ॅपच्या प्लॅनला जवळजवळ दुप्पट पैसे. मी घेतलं नाही आणि आता तर अजिबात घेणार नाही, आमच्याकडे शिकायला येणाऱ्यांत पन्नाशीच्या पुढच्या बायका पुष्कळ, त्या व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली लिंक उघडतात आणि बघतात, एका कोर्ससाठी वेगळं अ‍ॅप कोण ठेवणार फोनमध्ये. चोरी होऊ नये म्हणून स्क्रीन रेकॉर्डिंग बंद होतं म्हणे, पण दुसरा फोन समोर धरून शूट करणाऱ्याला काय करणार तुम्ही?

चोरीवरून आठवलं, वॉटरमार्क! बघणाऱ्याचा फोन नंबर व्हिडिओवर इकडून तिकडे फिरत राहतो. बाकी धड्यांना चालेल, पण डोळ्यांची आखणी चालू आहे, ब्रशचं टोक केसाएवढं, आणि बरोब्बर बाप्पाच्या डोळ्यावरून कोणाचा तरी मोबाईल नंबर चाललाय. सेटिंगमध्ये बंद करता येतो, पण अख्ख्या कोर्सचाच, एका धड्याचा नाही. मी बंद केला.

मराठीच्या बाबतीत तर सगळा उजेड. सर्टिफिकेटवर देवनागरी नाव टाकलं की जोडाक्षरं फुटतात, हलन्त पाय मोडल्यासारखा खाली लटकतो. सपोर्टने सांगितलं इंग्लिशमध्ये टाका. शेवटी मी सर्टिफिकेट बाहेर डिझाईन करून इमेज पाठवते. ऑटो सबटायटलचं तर विचारूच नका, चिकणमाती जिथे जिथे आली तिथे तिथे चिकन, गणपतीच्या कोर्समध्ये! तेही बंद.

आता ज्याच्यामुळे साडेतीन दिलेत ते. प्रत्येक धड्याखाली विद्यार्थी फोटो टाकू शकतो आणि मी त्या फोटोवरच गोल काढून उत्तर देऊ शकते. जाहिरातीत ह्याबद्दल एक ओळ नाही, पण हाताने करायचं काहीही शिकवत असाल तर सगळा जीव ह्यात आहे. उदाहरण देते. आमच्याकडे मूर्ती घडतात त्या पावसात, हवा ओली, त्यामुळे धड्यात मी फॅनखाली ठेवा म्हणते. पुण्यातल्या एकीने एप्रिलमध्ये शाडूची मूर्ती तशीच फॅनखाली ठेवली, तिकडची कोरडी हवा, बाहेरची माती आक्रसली आणि आत ओलीच, गळ्याशी आणि दंड जिथे अंगाला जोडतो तिथे बारीक भेगा. फोटो बघितल्या बघितल्या कळलं. ओलं फडकं घालून हळू सुकवायचं, भेगेत पातळ केलेली तीच माती ब्रशने भरायची, एवढं लिहिलं आणि मूर्ती वाचली. तसेच फोटो मग नागपूरहून आले, सोलापूरहून आले, तेव्हा कोरड्या हवेत सुकवण्याचा वेगळा धडा शूट करून मधे घातला.

आणि घातल्याबरोबर ज्यांचा कोर्स पूर्ण झाला होता त्यांची किती कोर्स झाला ते दाखवणारी पट्टी १०० टक्क्यांवरून खाली आली, वर "तुमचा कोर्स अपूर्ण आहे" असा मेल सगळ्यांना. दिवसभर फोन. सपोर्टवाला नम्र होता, हिंदीत छान बोलतो, पण उत्तर एकच, सर्व्हर साईडचं आहे मॅम. आता नवीन काही घालायचं तर मी वेगळा 'जादाचे धडे' असा फुकट कोर्स करून त्यात टाकते.

रेकॉर्डिंगबद्दल पण लिहिते कारण कंपनीवाले स्टुडिओ पॅकेज विकायला बघतात. गरज नाही. फोन वरून खाली बघणाऱ्या स्टँडला लावा, १०८०पी पुष्कळ झालं, ४के अपलोड करत बसलात तर आमच्याकडच्या नेटवर आणि जाणाऱ्या विजेवर रात्र जाईल. पैसे घालायचे तर कॉलरच्या माईकवर घाला. आणि काय शूट करायचं ते मे संपायच्या आत करा, एकदा पाऊस सुरू झाला की कौलांवरचा आवाज कुठल्याच माईकला आवरत नाही, शिवाय आषाढ लागला की आम्हाला हात धुवायला वेळ नसतो तर शूटिंग कुठून.

घ्यावा का? हाताची कला, स्वयंपाक, शिवण असं काही शिकवत असाल तर घ्या, पण साधा प्लॅन, आणि आधी महिन्याचा. डेमोमध्ये स्वतःचं मराठी नाव सर्टिफिकेटवर टाकून बघा, एक धडा मधे घालून बघा, ते तुम्हाला आपणहून दाखवणार नाहीत. मी साधाच प्लॅन रिन्यू करतेय. अ‍ॅपवाल्याचा फोन अजून येतो.