रॅनिबिझुमॅबची भरलेली सिरिंज: व्हायल सोडून ही घ्यावी का?

रॅनिबिझुमॅब हे डोळ्यात टोचायचं औषध. ते व्हायलमधून, म्हणजे काचेच्या कुपीतून, काढायचं म्हणजे बूच स्पिरिटने पुसा, ५ मायक्रॉनच्या फिल्टर नीडलने ओढा, ती काढून ३० गेजची अर्धा इंची नीडल लावा, हवा घालवा. कंपनीने भरून दिलेल्या सिरिंजमध्ये फक्त शेवटच्या दोन पायऱ्या उरतात. दिवसाची इंजेक्शनची लिस्ट मोठी असली की फिल्टर नीडल बदलायची राहून जाते. इथे ती भानगडच नाही. तेवढ्यासाठीसुद्धा ही सिरिंज घ्यावी.

टोपी मात्र पिळून काढू नका, मोडूनच काढायची. पुढचं काम नीट बघून करायचं. सिरिंजमध्ये ०.१६५ मिली औषध असतं आणि द्यायचं असतं ०.०५. नीडल वर धरून प्लंजर सावकाश दाबा. रबराच्या घुमटाचं टोक नव्हे, घुमटाखालची कड खुणेवर आली पाहिजे. खूण डोळ्यांच्या समोर धरून वाचा, तिरकी नको. ही पायरी चुकली तर तिपटीहून जास्त औषध आत जाऊन डोळ्याचा दाब एकदम चढतो. बुडबुड्यासाठी हलकी टिचकी पुरे. जोरात मारलीत तर सिलिकॉन तेलाचे थेंब सुटतात, आणि मग ‘डोळ्यासमोर ठिपके तरंगतात’ ही तक्रार महिनोन्‌महिने ऐकावी लागते.

‘सिरिंज आली, आता इन्फेक्शनची काळजी नको’ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. जंतू बहुतेकदा पेशंटच्या पापणीतून नाहीतर आपल्या तोंडातून येतात. ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन थेट डोळ्यात घाला आणि किमान ३० सेकंद थांबा. साबण असलेलं स्क्रब चालत नाही, कॉर्निया (बुबुळावरचा पारदर्शक पडदा) भाजतो. लिग्नोकेनची जेली आधी लावली तर तिच्या थराखाली आयोडीन पोचतच नाही. त्यापेक्षा भुलीचे थेंब बरे. पापणीची कड चोळू नका, पापण्या स्पेक्युलमच्या (डोळा उघडा धरणाऱ्या चिमट्याच्या) पात्याखाली दाबा आणि टोचायच्या जागी आयोडीनचा आणखी एक थेंब टाका. मास्क लावा, टोचताना गप्प राहा, पेशंटलाही बोलू देऊ नका.

जागा कॅलिपरनेच मोजा: स्वतःची लेन्स असेल तर लिंबसपासून (कॉर्निया आणि डोळ्याचा पांढरा भाग मिळतात त्या कडेपासून) ४ मिमी, बसवलेली असेल तर ३.५. ३ आणि ९ वाजताच्या जागा टाळा, नीडलचं तोंड डोळ्याच्या मध्याकडे ठेवा. टोचून झाल्यावर लगेच बोटं मोजायला लावा. उजेडही दिसत नसेल तर दाब उतरायची वाट बघत बसू नका, पुढच्या कप्प्यातलं पाणी काढा.

फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवा, फ्रीझरमध्ये नको. न उघडलेली सिरिंज बाहेर २५ अंशांपर्यंत २४ तास टिकते, त्यामुळे थोडा वेळ लाइट गेली तरी घाबरायचं कारण नाही.

उरलेलं औषध दुसऱ्या डोळ्यात घालायचा मोह होतो, कारण उरतं बरंच. घालू नका. दुसऱ्या डोळ्याला नवी सिरिंज, नवं स्पेक्युलम, आयोडीनही पुन्हा पहिल्यापासून.